साडीचं दुसरं टोक : कॅमेऱ्यासमोरचं नृत्य दुःख कसं पोचवतं

दादासाहेब फाळक्यांचा ‘कालियामर्दन’ (१९१९) सुरू होतो, पण गोष्ट लगेच सुरू होत नाही. आधी फाळक्यांची लहानगी लेक मंदाकिनी कॅमेऱ्याकडे तोंड करून एकामागून एक भाव दाखवते, आणि मग ती कृष्ण होते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपल्या गेलेल्या मोजक्या मूकपटांपैकी हा एक. त्या पोरीचा चेहरा पडदाभर पाहताना जाणवतं, की रंगमंचावरून शेवटच्या रांगेपर्यंत कधीच न पोचणारं काहीतरी या यंत्राला दिसतं, हे फाळक्यांना पक्कं उमगलं होतं.

पण कॅमेऱ्याला दिसून दिसून दिसतं काय? कातडी, कपडे, हालचाल. घशातला आवंढा, छातीवरचं ओझं, पोटातला खड्डा यांतलं काहीच त्याला दिसत नाही. तरीही काही नृत्यपट पाहताना आपल्याच घशाशी काहीतरी येतं. हे कसं होतं, ते या लेखात उलगडायचं आहे.

नृत्यपट म्हणजे स्टेजवरच्या कार्यक्रमाचं शूटिंग नव्हे. जे नृत्य कॅमेरा आणि एडिटिंगशिवाय अस्तित्वातच येऊ शकत नाही, ते इथे अभिप्रेत आहे. मग ते भारी कॅमेऱ्यावर झालेलं असो, नाहीतर घरातल्या फोनवर.

दुःख अंगात कुठे असतं

डोळे मिटा आणि बोट नाकाच्या शेंड्याला लावा. सहसा चुकत नाही. हात कुठे आहे, किती वाकलाय, त्याच्यावर किती भार आहे ही खबर स्नायूंत आणि सांध्यांत बसलेले सूक्ष्म संवेदनाग्राहक मेंदूला अखंड देत असतात. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये या संवेदनेला वेगळं नाव दिलं. दुसरी खबर येते ती आतून : श्वास, ठोके, घशाची कोरड, पोटातली कालवाकालव. नर्तकाचं शिक्षण मुख्यतः या दोन खबरींवर चालतं. तत्कार, म्हणजे कथकचं पदन्यासाचं काम, करताना आघात नीट बसला की नाही, हे कथकच्या विद्यार्थिनीला आरशाच्या आधी तळव्यातून आणि पोटरीतून कळतं.

दुःखही याच वाटांनी येतं. १९४२ मध्ये बॉस्टनच्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं गेली. तिथल्या एरिक लिंडेमान या मनोविकारतज्ज्ञाने या दुर्घटनेत आणि इतरत्रही आपली माणसं गमावलेल्यांना तपासलं आणि १९४४ मध्ये निरीक्षणं मांडली. घसा आवळल्यासारखा होतो. श्वास पुरत नाही. सारखे उसासे येतात. पोटात पोकळी वाटते. हातापायांतलं बळ जातं. आणि हे सगळं लाटेसारखं येतं, वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकतं आणि ओसरतं.

आता नाट्यशास्त्राचा सहावा अध्याय उघडा. करुण रसाचा अभिनय कशाकशाने करावा, हे तिथे सांगितलं आहे : अश्रू, विलाप, तोंडाला कोरड, चेहऱ्याचा उतरलेला रंग, सैल पडलेली गात्रं, उसासे, हरपलेली स्मृती. एक वर्णन वैद्याचं, एक नाट्याचार्याचं. मध्ये अटलांटिक महासागर आणि दीड-दोन हजार वर्षं. तरी उसासे तेच आणि सैल पडलेले हातपाय तेच. ही दोन्ही वर्णनं मी शेजारी शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा वाचते, कारण त्यांत पडद्यावरच्या नृत्याची सगळी सामग्री आहे. तोंड वेडंवाकडं करून रडणं हा त्यातला फक्त एक भाग, आणि कॅमेऱ्यासाठी बहुधा सर्वांत कमी उपयोगाचा.

नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भावही आहेत : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. म्हणजे थिजणं, घाम फुटणं, अंगावर काटा येणं, आवाज फाटणं, कापरं भरणं, रंग उतरणं, डोळे भरणं, भान जाणं. हात उचलला तसा काटा उचलता येत नाही. मन खरंच तिथे गेलं तरच शरीर ही उत्तरं देतं.

बालगंधर्व रंगमंदिराच्या बाल्कनीतून नर्तकीच्या दंडावरचा काटा कुणाला दिसणार? म्हणून रंगमंचावरचा अभिनय शतकानुशतकं मोठा होत गेला. भुवई, मान, खांदा, हात, सगळं शेवटच्या रांगेच्या मापाचं. ते योग्यच होतं. तीच नर्तकी, तोच अभिनय फोनवर शूट केला की मात्र डोळ्यांवर येतो. तिचा अभिनय कमी पडत नाही, अंतर बदललेलं असतं. कॅमेरा हातभर अंतरावर आला की रोमांच हे दृश्य होतं, आवंढा गिळताना हललेला गळा ही हालचाल होते, आणि श्वास ऐकू येतो. माइकचं श्रेय आपण फार कमी मोजतो. घुंगरांचा नाद बाजूला ठेवून नर्तकीचा नुसता दम ऐकवला, तर पाहणाऱ्याच्या श्वासाची लय नकळत बदलू लागते.

पाहणाऱ्याच्या अंगात काय होतं

२००५ मध्ये लंडनमध्ये एक प्रयोग झाला. बॅले नर्तक आणि कापोएरा हा ब्राझिली प्रकार खेळणारे, अशा दोन गटांना एमआरआय यंत्रात झोपवून दोन्ही प्रकारांच्या चित्रफिती दाखवल्या. हालचालींशी संबंधित मेंदूचे भाग ज्याच्या त्याच्या शिकलेल्या प्रकाराला जास्त जोरात प्रतिसाद देत होते. यावर कुणी म्हणेल, तो प्रकार ते रोज बघतात, म्हणून असेल. म्हणून पुढच्याच वर्षी दुसरा प्रयोग झाला. बॅलेत काही हालचाली फक्त पुरुष करतात, काही फक्त बायका, पण एकाच वर्गात शिकत असल्याने बघतात सगळेच सगळ्या. त्यातही ज्या हालचाली स्वतः केलेल्या, त्यांनाच प्रतिसाद मोठा निघाला. थोडक्यात, आपण डोळ्यांनी बघतो आणि अंगाने ताडून घेतो.

इथे एक सावधगिरी हवी. इटलीतल्या पार्मा शहरात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला माकडांच्या मेंदूत ‘मिरर न्यूरॉन’ सापडले, आणि तेव्हापासून सहानुभूतीपासून कलास्वादापर्यंत सगळ्याचं उत्तर त्यांच्यात शोधायची टूम निघाली. माणसात त्यांचा वाटा नेमका किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. मला त्या वादात न शिरताही पुढे जाता येतं. जी क्रिया प्रेक्षकाच्या हातांनी कधीतरी केलेली आहे, ती त्याला पडद्यावर सर्वांत खोल जाणवते, एवढं पुरेसं आहे. अवघड चक्कर पाहून आपण थक्क होतो. माठातून पाणी ओतणारा, उशी थोपटणारा, कडी लावणारा हात पाहून मात्र आपलाच हात जागा होतो.

ताण दिसतो, म्हणून दुःख दिसतं

मार्था ग्रॅहम या अमेरिकन नर्तिकेने १९३० मध्ये ‘लॅमेंटेशन’ हे एकल नृत्य बसवलं. ती बाकावर बसलेली असते. अंगावर ताणल्या जाणाऱ्या कापडाची नळी, तिच्यातून चेहरा, हात आणि पावलं तेवढी बाहेर. ती जवळजवळ उठतच नाही. आतून गुडघ्यांनी, कोपरांनी कापड ढकलते. कापड ताणतं आणि तिला परत ओढतं. याच्या जुन्या चित्रफिती आज सहज पाहायला मिळतात. चेहऱ्यावर अश्रू नाहीत. दिसते ती शरीर आणि कापड यांच्यातली ओढाताण. ग्रॅहमने पुढे सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे : स्वतःच्या मुलाचा मृत्यू डोळ्यांदेखत पाहिलेली एक बाई तोवर रडली नव्हती, ती हे नृत्य पाहून रडली.

कापड का, हे नीट समजून घेऊ. दुःखाचा ताण आत असतो, तो दिसत नाही. कापडाचा ताण दिसतो, आणि ताणलेलं कापड हाताला कसं लागतं हे प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणजे आतल्या न दिसणाऱ्या गोष्टीला बाहेर एक दिसणारा जोडीदार मिळाला.

हेच आपल्या घरात आणून पाहू. समजा, पुण्यातली एखादी नर्तकी आई गेल्यावर पाच मिनिटांची फिल्म करते आहे. जागा कसबा पेठेतल्या जुन्या वाड्यातली माडी. विषय एकच : वाळलेल्या साडीची घडी घालणं.

हे काम दोघींचं. दोघी दोन टोकं धरतात, मागे सरकतात, साडी ताणतात. एक झटका, आणि कापड फट्‌कन वाजतं. मग दोघी एकमेकींकडे चालत येतात, टोकाला टोक जुळतं, बोटांना बोटं लागतात. एक जण सगळी टोकं आपल्या हातात घेते, दुसरी खाली वाकून मधला लोंबता भाग उचलते, पुन्हा मागे जाते. पावलं ठरलेली, अंतर ठरलेलं, लय ठरलेली. हे युगुलनृत्यच आहे, कुणी बसवलेलं नाही एवढंच. आणि त्यात माहिती डोळ्यांनी येत नाही, कापडातून येते. आई किती जोरात ओढते, कधी सैल सोडते, आज तिचा खांदा दुखतोय का, हे मुलीच्या मनगटाला कळतं.

मी या फिल्ममध्ये आईला दाखवणारच नाही. पहिल्या शॉटमध्ये मुलीचे दोन हात आणि ताणलेली साडी चौकटीच्या कडेतून बाहेर गेलेली. पलीकडे कुणीतरी आहे, हे साडीचा ताण सांगतो. झटका, फटकारा, मुलगी चौकटीच्या कडेकडे चालत जाते आणि घडी घेऊन परत येते. मग दुसरा शॉट : तीच चौकट, तेच हात, तीच पावलं. ती ओढते आणि साडी नुसती सरपटत तिच्याकडे येते. ती झटकते, फटकारा येत नाही, कारण न ताणलेलं कापड वाजत नाही. आता प्रेक्षकाला काय झालं हे सांगायला एक अक्षर लागत नाही. शिवाय प्रेक्षकाच्या मनगटाने ते आधी ओळखलेलं असतं, मन मागून येतं.

तिसऱ्या शॉटमध्ये मुलगी साडीचं टोक खिडकीच्या गजाला बांधते आणि ओढते. ताण येतो! कापड पुन्हा वाजतं. पण गज पुढे चालत येत नाही, सैल सोडत नाही, वेळ पाहून ओढ कमी करत नाही. ताण परत मिळाला आणि माणूस मिळालं नाही. नृत्य खऱ्या अर्थाने इथून सुरू व्हावं असं मला वाटतं. गजाला बांधलेल्या साडीशी ती काय काय करून पाहते, कधी भार टाकते, कधी अंगाला गुंडाळत गजापर्यंत जाते, यातून दोन-अडीच मिनिटं सहज उभी राहतात.

कट म्हणजे काय तुटतं

माया डेरेन या अमेरिकन चित्रपटकर्तीने १९४५ मध्ये जेमतेम तीनेक मिनिटांची एक फिल्म केली, ‘अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा’. टॅली बीटी हा नर्तक रानात पाय उचलतो आणि तो पाय टेकतो घरातल्या खोलीत. हालचाल अखंड, जागा तुटलेली. शेवटची उडी तर तुकडे जोडून इतकी लांबवली आहे की एवढा वेळ कुणी हवेत राहूच शकत नाही. एडिटिंग हेही नृत्यच आहे, हे त्या तीन मिनिटांनी सिद्ध केलं.

हालचाल तशीच ठेवून जागा बदलता येते, तशी जागा ठेवून माणूस काढून घेता येतं. कथक पाहणाऱ्या पुणेकराला हे समेवरून पटकन कळेल. तीनतालाच्या सोळा मात्रा, तिहाई (तीनदा म्हटला जाणारा तोच तुकडा) सुरू झाली, पहिला पल्ला, दुसरा, तिसरा, आणि आता सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. सभागृहातल्या सगळ्या माना समेवर पडायला आधीच तयार असतात. समजा, संकलकाने नेमक्या समेच्या एक मात्रा आधी कट मारला आणि रिकामी खोली दाखवली. सम यायची वेळ येते आणि नुसतीच जाते. मान पडते, पण कशावर? अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं वाटून टाकलेला पाय जसा दाणकन जमिनीवर आदळतो, तसं होतं. ते आदळणं विचारातलं नसतं, अंगातलं असतं. मेंदू पुढची हालचाल गृहीत धरून शरीराला आधीच तयार ठेवतो. माणूस गेल्यावरही ही तयारी लगेच थांबत नाही. सकाळी दोन कप काढले जातात. दार वाजलं की मान वळते. म्हणून हुकवलेली सम हा मला वियोगाचा फार अचूक शॉट वाटतो. अर्थात एका फिल्ममध्ये एकदाच. दुसऱ्यांदा केला की ती क्लृप्ती होते.

या तयारीचं सर्वांत निर्दय चित्र जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश यांच्या ‘कॅफे म्युलर’मध्ये (१९७८) आहे. एक स्त्री आणि एक पुरुष घट्ट मिठीत उभे असतात. तिसरा माणूस येतो, त्यांची मिठी सोडवतो, हात वेगळे मांडतो, स्त्रीला उचलून त्या पुरुषाच्या हातांवर आडवी ठेवतो आणि जायला निघतो. पुरुषाचे हात सुटतात, ती खाली पडते, झटकन उठते आणि पुन्हा त्याला मिठी मारते. तिसरा परत येतो. पुन्हा तेच, आणि पुन्हा, दर वेळी आणखी वेगाने. शेवटी तिसरा माणूस निघून जातो तरी ती दोघं हे सगळं आपणहून करत राहतात. पहिल्या वेळी आपल्याला गोष्ट दिसते. पुढे पुढे गोष्ट गळून पडते आणि उरतो देहाचा आपटण्याचा आवाज आणि दोघांचा दम. सवय झालेलं शरीर दुसरं काही करूच शकत नाही, हे पुनरावृत्तीशिवाय दाखवता आलं नसतं.

जर्मन चित्रपट दिग्दर्शक विम वेंडर्स हे बाउश यांच्यावर त्रिमितीत फिल्म करणार होते. तयारी झाली होती. ३० जून २००९ रोजी बाउश गेल्या. वेंडर्सनी काम थांबवलं. मग बाउश यांच्या नर्तकांच्या आग्रहामुळे फिल्म झाली आणि २०११ मध्ये ‘पिना’ या नावाने आली. मुलाखतींऐवजी तिथे एकेक नर्तक कॅमेऱ्यासमोर गप्प बसतो, त्याचा आवाज वेगळा ऐकू येतो, आणि मग तो नाचून बोलतो; कुणी रस्त्याच्या कडेला, कुणी वुपरटाल शहराच्या लटकत्या रेल्वेत. ओठ बंद असलेले ते चेहरे मला नाचाइतकेच महत्त्वाचे वाटतात. बोलताना चेहरा शब्दांच्या कामाला लागतो. गप्प बसला की आतल्या खबरी त्याच्यावर उमटायला मोकळ्या होतात.

परत येईल आणि परत येणार नाही

वियोग एकाच जातीचा नसतो. नाट्यशास्त्राने विप्रलंभ शृंगार आणि करुण यांत फरक केला आहे तो आशेवरून. विप्रलंभात विरह आहे, पण भेटीची अपेक्षा शिल्लक असते. करुणात ती संपलेली असते. नायिका दाराशी उभी आहे, प्रियकर परगावी आहे : हा विप्रलंभ. आपल्याकडची कितीतरी अभिनयाची पदं आणि विरहाच्या लावण्या याच दारात उभ्या आहेत. करुणासाठी वेगळं शरीर लागतं. वाट पाहणाऱ्या शरीरात ताण असतो, टाचा किंचित उचललेल्या असतात, कान टवकारलेले असतात. अपेक्षा संपलेल्या शरीरात वजन खाली उतरतं. दुःखाच्या पुष्कळ नृत्यपटांत नेमकी इथे गल्लत झालेली दिसते : विषय मृत्यूचा आणि शरीर वाट पाहणाऱ्या नायिकेचं. आपल्या साडीच्या फिल्ममध्ये पहिली चौकट अपेक्षेची, दुसरी अपेक्षा संपल्याची. म्हणून दुसऱ्या शॉटमध्ये मुलीने चौकटीच्या कडेकडे पाहू नये. पाहिलं की ती पुन्हा विप्रलंभात शिरली.

या दोन जातींच्या मधोमध उभं असलेलं एक गाणं बहुतेकांनी पाहिलेलं असतं, आणि त्याचा धागा पुण्यातून जातो. गुरुदत्त मुळात नर्तक. अल्मोड्याला नर्तक उदयशंकरांच्या केंद्रात शिकून ते १९४४ मध्ये पुण्याला प्रभात फिल्म कंपनीत आले. जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तीच ही लॉ कॉलेज रस्त्यावरची जागा. ‘हम एक हैं’ची (१९४६) नृत्यं त्यांनी बसवली. पुढे ‘कागज के फूल’मध्ये (१९५९) ‘वक्त ने किया’ या गाण्यात ते आणि वहिदा रेहमान रिकाम्या स्टुडिओत लांब लांब उभे राहतात. वहिदा रेहमान भरतनाट्यम शिकलेल्या. दोन शिकलेली नृत्यशरीरं, आणि ती जवळपास हलतच नाहीत. वरून प्रकाशाचा झोत पडतो, दोघांच्या देहांतून त्यांच्या पारदर्शक आकृत्या निघतात, त्या झोतात एकमेकांकडे जातात आणि भेटतात. देह तिथेच उभे. दोघं जिवंत आहेत, हाकेच्या अंतरावर आहेत, म्हणजे नियमाने हा विप्रलंभ. पण भेट फक्त सावल्यांची होऊ शकते हे दिसल्यावर आशा संपते. न हलणं हीसुद्धा कोरिओग्राफी असते, हे समजायला यापेक्षा चांगला धडा मला ठाऊक नाही. फिल्म कॅमेरामन व्ही. के. मूर्तींची, त्या झोताशिवाय हे नृत्य उभंच राहत नाही.

उदयशंकरांनी स्वतः ‘कल्पना’ (१९४८) हा नृत्यपट केला. पुण्याच्या संग्रहालयात तो जपला गेला, म्हणून पुढे त्याची दुरुस्ती होऊ शकली आणि २०१२ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. सगळ्याच फिल्मचं नशीब असं नसतं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म इतकी ज्वालाग्राही, की एकदा पेटली की बाहेरच्या हवेची वाटही पाहत नाही. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, प्रभातच्या जुन्या तिजोरीवजा खोल्यांत ठेवलेल्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि कितीतरी जुनी रिळं गेली. नृत्याची चित्रफीत असली की नृत्य सुरक्षित राहिलं, असं आपण सहज धरून चालतो. फिल्मलाही शरीर असतं आणि ते नासतं. दुसरीकडे कथक गुरू रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारती ही नृत्यसंस्था सुरू केली, त्या २००८ मध्ये गेल्या, आणि त्यांची नजर, त्यांचा ठहराव आजही त्यांच्या शिष्यांच्या अंगात दिसतो. शरीराकडून शरीराकडे आणि शरीराकडून फिल्मकडे, या दोन्ही वाटा हव्यात.

फोन हातात घेणाऱ्यांसाठी

पुण्यात आज नृत्यवर्गातल्या कितीतरी मुली स्वतः शूट करतात, एडिट करतात. त्यांच्यासाठी काही गोष्टी, आग्रहाने.

दुःख म्हटलं की स्लो मोशन लावायची सवय सोडावी. संथ केलेली हालचाल हलकी दिसते, कारण पडणारी वस्तू सावकाश पडताना दिसली की तिचं वजन गेल्यासारखं वाटतं. डेरेनला उडीतलं वजन घालवायचंच होतं. शोकात वजन हवं असतं. नर्तकीने स्वतः संथ हलावं, फोनने नव्हे. तेव्हा मांडीला होणारे कष्ट दिसतात.

पार्श्वसंगीत शूटिंगनंतर ठरवावं. आधीच सारंगी लावली की प्रेक्षकाला रडायची सूचना मिळते आणि त्याचं शरीर स्वतः काही शोधत नाही. शूट झाल्यावर त्याच खोलीत, पंखा बंद करून, नुसता आवाज वेगळा रेकॉर्ड करावा : तळव्यांचा, कापडाचा, श्वासाचा. वाड्यातली लाकडी जमीन आणि फ्लॅटमधली फरशी पावलाला वेगळं उत्तर देतात, आणि ते ऐकणाऱ्याला कळतं.

झूम करण्यापेक्षा जवळ जावं, पण चेहऱ्याला भिडून नव्हे. फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते, फार जवळून नाक मोठं आणि कान लहान करते. हातभर अंतर ठीक. कुठल्या अवयवाकडे जायचं हे आधी ठरवावं. मानेचा मागचा भाग, पोटऱ्या, दोन खांद्यांमधली जागा, इथे रडू चेहऱ्याच्या आधी पोचतं. लिंडेमानने सांगितलेले उसासे पाठीवरून फार स्पष्ट दिसतात.

आणि नर्तकीची काळजी. मुद्दाम खोल उसासे टाकत राहिलं की खरोखर चक्कर येते, हात मुंग्या येऊन बधिर होतात. विषय तिच्या स्वतःच्या घरातला असेल तर शरीर आणि अभिनय यांतली सीमा आणखी पातळ. असा शॉट दिवसाच्या सुरुवातीला घ्यावा, दोन टेकच्या मध्ये तिला बसू द्यावं, पाणी द्यावं, आणि कुठला भाग ठेवायचा, कुठला काढायचा याचा शेवटचा शब्द तिचा असावा. टेक वाढवायचेच असतील तर श्वासाचे आणि चेहऱ्याचे न वाढवता हातांचे वाढवावेत. साडी झटकण्याचा शॉट दहा वेळा घेतला तरी बिघडत नाही. उलट सातव्या-आठव्या वेळी खांदा खरा थकतो आणि शॉट तेव्हाच जमतो.